सावळं माणूस पांढरं कसं पडतं?

मागे रेल्वेचा आवाज येतोय, तेवढं सांभाळून घ्या. आज चुडाव्यातूनच बोलतोय. पूर्णा-नांदेड लाईनवरचं आमचं गाव, इथं गाडीला गप्प बसवता येत नाही.

आजचा शब्द मला माझ्या मावशीच्या दवाखान्याच्या कागदावर सापडला. 'पॅलर', आणि पुढे तीन अधिक चिन्हं. मोबाईलवर अर्थ काढला तर 'फिकटपणा, पांढुरकेपणा'. मावशीला सांगितलं, तर ती हसायलाच लागली. "मी आन् पांढरी? काळी म्हणून दोन स्थळं परत गेली होती माझी!"

हसलो आम्ही पण. पण त्याआधी सहा महिने डोक्यावर हंडा घेतला की तिला धाप लागायची, आणि घरातल्या एकालाही ती आजारी दिसली नव्हती. गोरी असती तर शेजारणीनंच म्हटलं असतं, 'अगं, पांढरीफटक पडलीस की.' हिमोग्लोबिन निघालं ६.

म्हणून या शब्दाच्या मागे लागलो. पॅलर हा लॅटिन शब्द, इंग्रजीतला 'पेल'ही त्याच घराण्यातला. लॅटिनमध्ये त्यात पिवळट छटाही यायची. आता आपला 'पांडु' घ्या, तोसुद्धा पिवळसर पांढराच. महाभारतात व्यासांना बघून अंबालिका भीतीनं फिकी पडली, म्हणून मुलगा पांडू. आणि रक्त कमी होण्याला जुनं नाव पांडुरोग. चरकसंहितेत त्याचे पाच प्रकार आहेत, त्यातला एक माती खाल्ल्यानं होणारा! पोटुशी बाई भिंतीची माती खाते, हे आपल्याकडं डोहाळे म्हणून सोडून देतात. आजचे डॉक्टर सांगतात की लोह कमी पडलं तरी माती खावीशी वाटते.

पण मला सगळ्यात आवडला तो इंग्रजीतला तिसरा शब्द, 'वॉन'. आज त्याचा अर्थ फिकट, निस्तेज. जुन्या इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ होता काळवंडलेला! म्हणजे मुद्दा पांढरेपणाचा नव्हताच, उजेड गेल्याचा होता. आपल्याकडं आजी म्हणायची, 'तोंड उतरलंय', 'रया गेली'. ही भाषा कुठल्याही कातडीला चालते. आम्ही ती विसरलो आणि पांढरा रंग शोधत बसलो.

आता थोडं मुंबईला जाऊ. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर तिथं आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना जीवघेणा रक्तक्षय होत होता, त्याचं कारण तिला शोधायचं होतं. तिनं त्या काय खातात ते पाहिलं, तसाच निकस आहार प्राण्यांना देऊन पाहिला. उपाय सापडला तो मार्माइटमध्ये, म्हणजे यीस्टपासून बनवलेल्या, पावाला लावायच्या स्वस्त काळ्या लगद्यात. १९३१ मध्ये तिनं हे छापलं. त्यात नेमकं काय होतं ते तिलाही माहीत नव्हतं, लोक 'विल्स फॅक्टर' म्हणायचे. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा काढला गेला, पान म्हणजे लॅटिनमध्ये फोलियम, म्हणून नाव फॉलिक ॲसिड. विल्स फॅक्टर तो हाच. आपल्या आशाताई गरोदर बाईला जी लाल गोळी देतात, तिच्यात लोहाबरोबर तोच असतो. मुंबईच्या गिरणीतल्या बायकांचं देणं चुडाव्याच्या घराघरांत पोचलंय, आणि निम्म्या घरांत ती गोळी 'पोट बिघडतं' म्हणून फडताळात पडून आहे.

गरज किती? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांत रक्त कमी निघालं. यातल्या बहुतेक जणी मावशीसारख्याच सावळ्या असणार. त्यांचा फिकटपणा गालावर शोधून उपयोग नाही. तो बघायचा खालच्या पापणीच्या आत, जिभेवर, नखांत, तळहातावर. तिथं सगळी माणसं लालच असतात. अर्थात पापणी नुसता इशारा देते, खात्री रक्त तपासूनच.

मावशीचं हिमोग्लोबिन आता ११ आहे. घरी कुठलीही पोर आली की आधी तिची पापणी ओढून बघते, चहा नंतर.