जुगाऱ्याची वाट

वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात, म्हणजे रामेश्वर लेण्यात, शिव-पार्वती द्यूत खेळत बसले आहेत. खाली गणांनी नंदीची थट्टा मांडली आहे. देवांचा हा खेळ घरातला. हरले तरी घर सुटत नाही. माणसांच्या जुगाराची कथा मात्र बहुधा घर सुटण्यापाशी येऊन थांबते. आपल्या वाङ्मयातला हा भटका जुगारी फारसा कुणी न्याहाळलेला नाही.

त्याचे सर्वांत जिवंत चित्र शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त आहे. देवलांच्या मराठी रूपांतरामुळे हे नाटक आपल्याला परके नाही. त्यातला संवाहक मूळचा पाटलीपुत्राचा. अंग रगडण्याची कला शिकून उज्जयिनीस आला, चारुदत्ताच्या पदरी राहिला आणि धन्याला दारिद्र्य येताच जुगारावर जगू लागला. दहा सुवर्णांचे देणे झाले, तेव्हा पाठीमागे पावले टाकीत तो एका ओसाड देवळात शिरला आणि मूर्ती होऊन उभा राहिला. जुगारगृहाचा चालक माथुर आणि त्याचा साथीदार तेथेच डाव मांडतात. फाशांचा आवाज ऐकून ‘मूर्ती’ला राहवत नाही! या जगाला चालक होता, कायदे होते, करही होता. कौटिल्याचा द्यूताध्यक्ष जिंकलेल्या रकमेतून शेकडा ५ वसूल करी.

विसाव्या शतकातल्या अमेरिकेत पूल आणि बिलियर्ड्सच्या टेबलांभोवती याच जातीचा एक वर्ग होता. त्याला ‘हसलर’ म्हणत. समाजशास्त्रज्ञ नेड पोल्स्की यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात त्याचा अभ्यास केला आहे. आपले कसब लपवायचे, आधी मुद्दाम हरायचे, पैज वाढली की जिंकायचे आणि चेहरा ओळखीचा झाला की गाव बदलायचे, ही त्याची रीत. आपला नळ याच्या जवळपास जातो. वेष पालटून ऋतुपर्णाकडे राहिलेला नळ अक्षविद्या शिकून परततो. पुष्कराला वाटते, हा तोच जुना हरणारा नळ आहे. आणि तेथेच तो फसतो.

परंतु जिंकून परतणारा नळ हा अपवाद होय. संवाहक भिक्षू होतो. आणि मराठी गद्याच्या आरंभीच आपल्याला असा दुसरा एक जुगारी भेटतो.

म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांचे पूर्वचरित्र आले आहे. भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरपाळ द्यूतात हरतो. देणे फेडण्यासाठी तो पत्नी कमळाइसा हिच्याकडे दागिने मागतो. ती नकार देते. देणे अखेर वडील फेडतात, पण हरपाळाचे मन संसारातून उठते. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो निघतो, रिद्धपूरला त्याला गोविंदप्रभू भेटतात. पुढे हेच चक्रधर पैठणला येतात, वेरूळलाही राहतात.

वर्गात आपण ही हकीकत वैराग्याची पूर्वपीठिका म्हणून सांगतो आणि संसाराचा स्वार्थ कळला, असे म्हणून पुढे जातो. तो स्वार्थ कुणाचा, हे मात्र विचारीत नाही. जुगाऱ्याच्या प्रत्येक कथेत डाव शेवटी बायकोपाशी येतो. द्रौपदी पणाला लागते. पुष्कर दमयंती मागतो, तेव्हा नळ एका वस्त्रानिशी घर सोडतो. कमळाइसेपाशी मागितले गेले ते दागिने, आणि तिने ‘नाही’ म्हटले. स्त्रीधनावर स्त्रीचाच हक्क, हे धर्मशास्त्रही मानते. पण कथेने तिला वैराग्याचे निमित्त करून मागे ठेवले.

हरपाळाला वाट होती. जुगारी उठून चालू लागला, तर त्याला भिक्षू होता येते, महात्माही होता येते. भडोचच्या त्या घरात आपले दागिने जपून उरलेली कमळाइसा कुठे गेली, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारावा, असे मला वाटते.