चुंबकीय थरातला ध्वनी

पदवीच्या पाठ्यपुस्तकांत चुंबकत्व एका प्रकरणात येते आणि ध्वनी दुसऱ्या. ही वाटणी परीक्षेपुरती सोयीची. स्फटिकाला ती मान्य नाही. स्पिनांत उठणारी लहर म्हणजे मॅग्नॉन, अणूंच्या जाळीत उठणारी लहर म्हणजे फोनॉन. जाळी दबली की स्पिनांची दिशा ढळते, स्पिन वळले की जाळीवर ताण येतो. चुंबकित लोखंडाची लांबी किंचित बदलते, हे ज्यूलने 1842मध्येच दाखवले होते. स्पिनलहरी आणि श्रवणातीत ध्वनी यांच्या युतीचे गणित किटेलने 1958मध्ये मांडले. दोन्ही लहरींची वारंवारता आणि तरंगलांबी जुळली, की निव्वळ मॅग्नॉन किंवा निव्वळ फोनॉन उरत नाही. दोघांचे गुण असलेला संकरित मॅग्नॉन-पोलरॉन तयार होतो.

ही जुळणी घडवून आणणे प्रयोगकर्त्याच्या हातात असते. चुंबकीय क्षेत्र वाढवले की मॅग्नॉनच्या वारंवारतेचा आलेख वर सरकतो, ध्वनीचा जागच्या जागी राहतो. यिट्रियम आयर्न गार्नेट, म्हणजे संशोधकांचे लाडके ‘यिग’, यासाठी उत्तम; त्यात दोन्ही लहरी दीर्घकाळ टिकतात. जपानच्या तोहोकू विद्यापीठातील गटाने 2016मध्ये यिगच्या थरावर प्लॅटिनम चढवून उष्णतेमुळे निर्माण होणारा विद्युतदाब मोजला. सुमारे 2.6 आणि 9.3 टेस्लाला या विद्युतदाबाच्या आलेखात बारीक उंचवटे दिसले. नेमक्या याच क्षेत्रांत मॅग्नॉनचा वक्र अनुक्रमे आडव्या आणि उभ्या ध्वनितरंगांच्या रेषांना जेमतेम स्पर्श करतो, त्यामुळे संकराला सर्वाधिक वाव मिळतो. उंचवटा सांगतो की त्या नमुन्यात ध्वनी मॅग्नॉनपेक्षा कमी विखुरतो. उलट असते, तर तिथे खळगा दिसला असता.

थर पातळ असला, तरी गोष्ट थरात संपत नाही. 2020मधल्या एका प्रयोगात अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या अचुंबकीय गार्नेटच्या आधाराच्या दोन्ही बाजूंना 200 नॅनोमीटरचे यिगचे थर होते. एका थरातली स्पिनांची हालचाल ध्वनीवर स्वार होऊन दुसऱ्यापर्यंत पोचली. वारंवारता बदलत नेली, तर दर 3.5 मेगाहर्ट्झला आधारातला एकेक अनुनाद लागतो. हे अंतर ध्वनीचा वेग आणि आधाराची जाडी यांवरून ठरते. चुंबकत्वाचा त्यात काही वाटा नाही.

या विषयाचे दार अवघड नाही. स्प्रिंगने जोडलेल्या दोन दोलकांचे गणित ज्याला येते, त्याची निम्मी तयारी झालेली आहे. उरलेल्या निम्म्यासाठी एकच सवय लावून घ्यावी: चुंबकीय थराचा कोणताही आलेख वाचण्याआधी, तो थर कशावर बसवला आहे आणि तो आधार किती जाड आहे, हे विचारावे.