दाबोळी: दुपारी एकनंतर

गोव्यातल्या दाबोळी विमानतळाच्या चेक-इन काउंटरवर माझी सगळी नोकरी झाली. तिथं मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "अहो, दहा-अकराची फ्लाइट नाही का?" सावंतवाडी-कुडाळकडची माणसं तर हमखास विचारायची. चिपीचा विमानतळ 2021 मध्ये झाला. त्याआधी त्यांना आखातात जायचं असो की दिल्लीला, दाबोळीच जवळ. मी सांगायचो, "साडेआठच्या आत, नाहीतर एकनंतर. मधली वेळ नौदलाची."

पुढचा प्रश्न ठरलेला: विमानतळ सरकारचा, मग नौदल कुठून आलं? त्याचं उत्तर काउंटरवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून इथं देतो.

मुळात दाबोळी बांधली गेली ती घाईत, आणि कुणा पर्यटकासाठी नव्हे. 1954 मध्ये दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातची गेली, 1955 मध्ये सत्याग्रह पेटला आणि भारतानं गोव्याची नाकेबंदी केली. लोंढ्याकडची रेल्वे थांबली, सीमा बंद झाल्या. आमच्या घरातली मोठी माणसं त्या काळातल्या हॉलंडच्या बटाट्यांची आठवण सांगत. ते मुरगाव बंदरात बोटीनं यायचे. पण बोटीला दिवस लागतात. दमण-दीवशी आणि बाहेरच्या जगाशी चटकन संबंध ठेवायचा तर विमानच हवं. म्हणून वास्कोजवळच्या जांभ्याच्या सड्यावर पोर्तुगीजांनी धावपट्टी केली, 1955 मध्ये ती सुरू झाली आणि तिला गव्हर्नर जनरल बेनार्ड गेदिश यांचं नाव दिलं. सोबत स्वतःची विमानसेवाही काढली, 'तैप'. तिची विमानं दमण, दीव आणि कराचीला जात, पुढे लिस्बनलाही जाऊ लागली. मुंबई हाकेच्या अंतरावर, पण तिकडे जायची सोय नाही.

18 डिसेंबर 1961 च्या सकाळी पुण्याच्या लोहगावहून निघालेल्या बारा कॅनबेरा विमानांनी या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. नंतर दुसरी तुकडी येऊन गेली. टर्मिनलची इमारत मात्र शाबूत राहिली. ती पाडायची नाही असा हुकूमच होता. तळावर उभी असलेली दोन मोठी प्रवासी विमानंही बचावली. त्या रात्री पोर्तुगीजांनी खड्डे कसेबसे बुजवले, अधिकाऱ्यांची बायकामुलं त्या दोन विमानांत भरली आणि उरलेल्या तोकड्या पट्टीवरून अंधारात उडून थेट कराची गाठली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोवा मुक्त झाला. ज्या वैमानिकांनी ती विमानं उचलली, ते शत्रूपक्षाचे असले तरी त्यांच्या हाताला दाद द्यावीच लागते.

1962 मध्ये तळ नौदलाकडे आला. कोइमतूरजवळच्या सुलूरला असलेलं 'आयएनएस हंसा' 1964 मध्ये इथं हललं. विमानवाहू नौका विक्रांतवरची सी हॉक विमानं, पुढे 1983 पासून सी हॅरियर, आता मिग-29के. विमानवाहू नौकेवरून उडणं आणि तिच्यावर उतरणं हा जिवाशी खेळ. त्याचा सराव आधी जमिनीवर करावा लागतो, त्यासाठी इथं नौकेच्या टोकासारखा चढही बांधलेला आहे. धावपट्टी एकच, ती नौदलाची. प्रवासी विमानं तिथं परवानगीनं येतात, आणि विमान टेकण्याआधी 'फोटो काढू नका' ही सूचना होते ती त्यामुळेच. 2019 च्या जूनमध्ये मिगची इंधनाची टाकी उड्डाणाच्या वेळी पट्टीवर पडून पेटली, तर सगळा प्रवासी कारभार काही तास ठप्प झाला होता.

या वेळापत्रकानं आमचं काय व्हायचं ते सांगतो. सोमवार ते शुक्रवार सकाळभर हॉल सुस्त. बारा वाजले की गर्दी सुरू, आणि एकनंतर विमानांची रांग लागायची. 1987 मध्ये जर्मनीच्या काँडोरनं पहिलं चार्टर आणल्यावर हिवाळ्यात त्यात गोऱ्यांची भर पडली. एका काउंटरवर लाल भाजलेल्या पाठीचा युरोपियन, टॉवेलात गुंडाळलेली फेणी बॅगेत कशी ठेवू म्हणून विचारतोय. शेजारी मालवणकडची मावशी सोलं आणि सुके बांगडे यांचा खोका दोरीनं आवळतेय, आणि वजनकाट्यावर तो चार किलो जास्त भरतोय. मावशी म्हणणार, "बाय, झिलान मागवल्यान हा." खोका उघडायला लावला की सगळ्या हॉलला वास. 2013 च्या डिसेंबरात नवं टर्मिनल आलं, जागा ऐसपैस झाली. वेळेची कोंडी तीच राहिली.

म्हणूनच मोपाचा नवा विमानतळ झाला. 5 जानेवारी 2023 पासून पेडण्यातून विमानं उडू लागली, चोवीस तास, कुणाची परवानगी न मागता. 2024 मध्ये कतार एअरवेज तिकडे गेलं, आणि वास्कोचे टॅक्सीवाले दर हंगामात विमानं मोजू लागले. दाबोळी आता गुंडाळा, असं उघड बोलणारेही भेटतात.

मला ते पटत नाही. उत्तर गोव्याला आणि सिंधुदुर्गाला मोपा सोयीचं आहे, प्रश्नच नाही. पण काणकोणच्या किंवा कारवारच्या माणसानं अख्खा गोवा ओलांडून पेडण्याच्या टोकाला का जावं? नौदल इथून हलणार नाही, हलूही नये. त्यांची सकाळ त्यांना राहू द्या. दुपारी एकनंतरची दाबोळी मात्र दक्षिण गोव्याची आहे, आणि ती चालू ठेवण्याची हमी सरकारनं लेखी द्यावी.