दर्यावरची हाक आणि तिचे उत्तर : अलिबागच्या समुद्रातील बिनतारी संभाषण

१/ जोडीदारांसह शिकारीला निघालेल्यांपुढे एक जुनी अडचण असते. ज्याला सावज दिसले, त्याने दूरच्या सोबत्याला कसे कळवावे? अमेरिकेतील शिकाऱ्यांनी त्यासाठी वॉकी-टॉकी हाती घेतला. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातील शिकार जवळजवळ थांबवली. अलिबागच्या किनाऱ्यावर मात्र समुद्रातील शिकार, म्हणजे मासेमारी, चालूच राहिली. दुतर्फी रेडिओची कसोटी या शिकारीत लागली.

२/ १६७९मध्ये मराठ्यांनी अलिबागजवळच्या खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली, तरी समोरच्या किनाऱ्यावरून मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री रसद घेऊन निसटत. अंधारात एका जहाजाला दिसलेली होडी दुसऱ्याला कळवायची, तर तोफेचा बार किंवा कंदील एवढीच साधने. आणि ती शत्रूलाही कळत.

३/ मच्छीमारांची स्थितीही निराळी नव्हती. वादळाची सूचना बंदरावरचा बावटा देई. 'तीन नंबरचा बावटा लागला' हे वाक्य किनाऱ्यावर सर्वांना परिचित आहे. परंतु बावटा दिसण्यापुरत्या अंतरावरच उपयोगी, आणि त्याला उत्तर देता येत नाही.

४/ १९०१मध्ये मार्कोनीने बिनतारी संदेश अटलांटिकपार पोहोचवला. दुसऱ्या महायुद्धात मोटोरोलाच्या पूर्वसूरी कंपनीने पाठीवर वाहण्याजोगा एससीआर-३०० हा संच तयार केला आणि 'वॉकी-टॉकी' हे नाव रूढ झाले. कळ दाबून बोलायचे, सोडून ऐकायचे. म्हणून वाक्याच्या शेवटी 'ओव्हर'.

५/ भारतात ही सोय सहज हाती येणारी नव्हती. १९३३च्या बिनतारी तारायंत्र कायद्यानुसार परवान्याविना असा संच नुसता बाळगणेही गुन्हा होता.

६/ पुढे व्हीएचएफ संच मासेमारी नौकांवर आले. खलाशी त्यांना सरळ 'वायरलेस' म्हणतात. १६ क्रमांकाचे चॅनेल, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, जगभर संकटासाठी व हाकेसाठी राखलेले आहे. इतर चॅनेलवर बोलता येते, पण तेथील शब्द परिसरातील प्रत्येक संचावर ऐकू येतो. मासळीचा थवा कोठे आहे हे जोडीदाराला सांगितले, तर ते प्रतिस्पर्ध्यालाही कळते.

७/ अमेरिकेतील मोंटाना राज्यात शिकारीसाठी दुतर्फी रेडिओ वापरण्यास मनाई आहे. तेथे प्रश्न सावजाला मिळणाऱ्या न्याय्य संधीचा आहे. समुद्रात प्रश्न वेगळा पडतो. थव्याची जागा गुप्त ठेवणाऱ्या नाखव्याला, इंजिन बंद पडले की त्याच उघड्या लहरींवर सर्वांना साद घालावी लागते.

८/ या सादेला मर्यादा आहे. व्हीएचएफ लहरी साधारणतः क्षितिजापर्यंतच जातात. दोन नौकांचे अँटेना पाण्यापासून ४ मीटर उंच असतील, तर संभाषण सुमारे १६ किलोमीटरपर्यंत. किनाऱ्यावरचा अँटेना १०० मीटर उंचीवर असला, तरी सुमारे ५० किलोमीटर. त्यापलीकडे गेलेली नौका किनाऱ्याला ऐकू येत नाही.

९/ ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. मासेमारीचा हंगाम चालू होता, नौका समुद्रात होत्या. कोकणातील अनेक मच्छीमार बेपत्ता झाले. वादळात धोक्याची सूचना निघणे पुरेसे नसते; ती दूरच्या नौकेपर्यंत वेळेत पोहोचावी लागते.

१०/ इस्रोने विकसित केलेले 'डॅट' हे संकटसूचक यंत्र २०१०पासून वापरात आले. खलाशाने कळ दाबली की संदेश उपग्रहामार्गे तटरक्षक दलाच्या केंद्राकडे जाई. क्षितिजाची अडचण दूर झाली, पण संदेश पोहोचला की नाही, हे बुडत्या नौकेवरील माणसाला कळत नसे. जानेवारी २०२४मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात ती पोच परत मिळण्याची सोय झाली.

११/ त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघर येथे मासेमारी नौकांसाठी १ लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या देशव्यापी योजनेचा प्रारंभ झाला. त्यांतून दुतर्फी संदेश जातात.

१२/ बावट्यापासून उपग्रहापर्यंत अंतर वाढत गेले, हे खरेच. परंतु वादळात सापडलेल्या खलाशाला त्याहून मोलाची वाटते ती पोच: आपली हाक कोणीतरी ऐकली आहे, एवढी खात्री.