बांधाच्या आतली माणसं

नवी मुंबईतल्या उरणजवळच्या द्रोणागिरी नोडातल्या इमारतींखाली बरीचशी खारजमीन आहे. तिथे एकट्याने शेती होतच नसे. माझ्या आज्याचं शेत खाडीबांधाच्या आत होतं. उधाणात बांधाला खांड पडली की खारं पाणी साऱ्यांच्याच भातात शिरे आणि मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जात. म्हणून बांध राखायला ‘जोळ’ असे: ज्याची जमीन बांधाच्या आत, त्याने जमिनीच्या मानाने बांधावर राबायचं. खांड पडली की मध्यरात्रीही ओहोटी साधून गाव खाडीत उतरे. चिकट चिखल कापायचा, त्याचे गोळे हातोहात पुढे द्यायचे, भरतीआधी तोंड बुजवायचं. आजा कुणाची ओळख सांगताना आधी त्याचं जोळ सांगे, नाव मागाहून.

इफियानी मेनकिती या नायजेरियन तत्त्वज्ञाचा १९८४चा निबंध वाचला तेव्हा मला आजाच आठवला. मेनकिती म्हणतो, आफ्रिकी विचारात कुणी जन्मतःच पुरता माणूस नसतो. समाजातली कर्तव्यं पार पाडत तो माणूस होत जातो. उलट फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तची सुरुवात एकट्याच्या विचारापासून होते. खाडीकाठी तसं चाललंच नसतं.

जोळात सगळं गोड नव्हतं. जमीन पुष्कळदा सावकाराची, कंबर मोडे ती कुळाची. माझ्या आजीने जन्मभर चिखल वाहिला, पण जोळाच्या बैठकीत तिला जागा नव्हती.

१९४८च्या खार जमीन कायद्याने बांधांची जबाबदारी सरकारी मंडळाकडे जाऊ लागली, आणि जोळं सैल पडली. १९७०मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली. जमीन संपादनाचा मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळाला. बांधात गेलेले पिढ्यांचे श्रम कुठल्याच सातबाऱ्यावर नव्हते. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणची गावं जमिनीच्या मोबदल्यासाठी पुन्हा एकत्र उतरली आणि गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले. मिळवले सर्वांनी मिळून, वाटले गेले नावानावाने. सख्खे भाऊ त्यापायी कोर्टात उभे राहिलेले मी पाहिले, आणि ते मला आजही सोसत नाही.

ज्यांनी बांधातल्या उघाडीची, म्हणजे पाणी सोडायच्या दाराची, फळी स्वतः उचलली, ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. उरणकरांनो, खांड कुठे पडे, कोण कोणत्या जोळात होतं, बायका कोणतं काम करत, हे त्यांना विचारा आणि येत्या पावसाळ्याआधी लिहून काढा.