कचऱ्यातून खेळणी
टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून शालेय विज्ञान शिकवण्याची पद्धत. अरविंद गुप्ता यांच्यामुळे ती देशभर पोचली. आयआयटी कानपूरचे हे अभियंता पुण्यात टेल्को या वाहन कंपनीत नोकरीला होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीने जोडण्याची युक्ती त्याच काळातली. असा चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण मात्र आकार सोडत नाही. छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात, हे मुलांना पाठ न करता उमगते.

साधी विद्युत मोटर हा या पद्धतीचा सर्वांत देखणा नमुना. टॉर्चचा सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि तांब्याच्या लाखबंद तारेचे वेटोळे एवढेच साहित्य. वेटोळ्याच्या एका टोकाची लाख पूर्ण खरवडायची, दुसऱ्याची एकाच बाजूने. त्यामुळे अर्ध्या फेऱ्यात प्रवाह वाहतो, उरलेला अर्धा फेरा वेटोळे आपल्या गतीनेच पूर्ण करते. दोन्ही टोके पूर्ण खरवडली, तर ते नुसते डुलत राहते. हा फसलेला प्रयोगही वर्गात मुद्दाम करून पाहावा.

पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत गुप्ता यांनी अनेक वर्षे काम केले. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांच्या छोट्या चित्रफिती व पुस्तके मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य मिळतात. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.