सिंगापूरकडे काय नव्हतं?

‘आपलं शहर सिंगापूर करू,’ हे आश्वासन तुम्ही ऐकलंच असेल. आर्थिक इतिहासकार अलेक्झांडर गर्शेनक्रॉन मात्र सांगतो, की मागून येणारे देश पुढच्यांची वाट गिरवत नाहीत. जे नाही, त्याला पर्याय शोधतात. इंग्लंडमध्ये भांडवल कारखानदारांचं होतं, जर्मनीत ते बँकांनी पुरवलं, रशियात सरकारने कर लादून उभं केलं. सिंगापूरमध्ये व्यापारी भरपूर, कारखानदार थोडे. म्हणून १९६१ मध्ये सरकारने आर्थिक विकास मंडळ स्थापलं, जुरोंगच्या दलदलीत औद्योगिक वसाहत उभारली आणि परदेशी कंपन्यांना बोलावलं. किंमत? १९६८ च्या कामगार कायद्यांनी संघटनांचं बळ कमी केलं. तेव्हा पुढच्या वेळी विचारा: आपल्याकडे नेमकं काय नाही, आणि त्याची किंमत कोण मोजणार?